उकुलेली आणि तिचा खर्ज

वाद्यांचा इतिहास सांगूं लागलें कीं वक्ते बहुधा वीणा, सतार, सारंगी अशा राजाश्रयानें वाढलेल्या वाद्यांकडे वळतात. मी मात्र आज आपणांपुढें एका मजुरांच्या वाद्याची हकीकत मांडणार आहें. त्या वाद्याचें नांव उकुलेली. आणि तिच्या कुळांत अगदीं अलीकडे जन्मलेल्या, खर्जांत बोलणाऱ्या भावंडाचें नांव बास उकुलेली. हें भावंड मीं निवृत्तीनंतर स्वतः विकत घेतलें, म्हणून शेवटीं दोन शब्द स्वानुभवाचेही बोलेन.

अटलांटिक महासागरांत पोर्तुगीजांचें मदेरा नांवाचें बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील द्राक्षमळ्यांवर एकामागून एक रोग पडले आणि पोटासाठीं बेट सोडणें अनेकांस भाग पडलें. त्याच सुमारास प्रशांत महासागरांतील हवाई बेटांवरच्या उंसाच्या मळ्यांस मजूर हवे होते. चारशेंहून अधिक स्त्रीपुरुष व मुलें घेऊन 'रेवन्सक्रॅग' नांवाचें जहाज मदेराहून निघालें आणि सुमारें चार महिन्यांच्या प्रवासानंतर, २३ ऑगस्ट १८७९ रोजीं, होनोलुलू बंदरास लागलें. या लोकांजवळ धन नव्हतें. पण कांहींजणांपाशीं 'ब्रागिन्या' नांवाचें चार तारांचें चिमुकलें वाद्य होतें. थोड्याच दिवसांत, रात्रीं रस्त्यावर चालणाऱ्या त्यांच्या गाण्याबजावण्याची नोंद होनोलुलूच्या वृत्तपत्रानें घेतली.

याच जहाजांतून मॅन्युएल नुनिश, ऑगुस्तो दियश आणि जुझे दो एस्पिरितो सांतो असे तीन सुतारकाम जाणणारे गृहस्थ आले होते. पुढें या तिघांनीं होनोलुलूंत लांकडी सामानाचीं व वाद्यांचीं दुकानें घातलीं. हवाईंत 'कोआ' नांवाचें सुंदर, गूंज देणारें लांकूड मिळतें. त्याचें ब्रागिन्यासारखें वाद्य घडवतां घडवतां जें नवें रूप सिद्ध झालें, तीच उकुलेली. हवाई भाषेंत 'उकु' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडी मारणें. वादकाचीं बोटें तारांवर पिसवेसारखीं उड्या मारतात म्हणून हें नांव पडलें, असें पुष्कळांचें म्हणणें. राणी लिलिउओकलानी हिनें मात्र त्याचा अर्थ 'येथें आलेली देणगी' असा लावला होता. व्युत्पत्ति कोणतीही असो, राणीचा अर्थ मनाला अधिक भावतो खरा.

त्या वेळचा हवाईचा राजा कालाकाउआ हा संगीताचा मोठा चाहता. सन १८८१ मध्यें त्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हां तो कलकत्ता व मुंबई या आपल्या शहरांसही येऊन गेला होता. या राजानें मजुरांच्या त्या वाद्यास हीन न मानतां आपल्या वाड्यांत जागा दिली आणि हवाईच्या हुला नृत्यास त्याची साथ मिळूं लागली. पण राज्याचें दैव फिरलें. १८९१ मध्यें राजा वारला, १८९३ मध्यें त्याची बहीण राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली आणि १८९८ मध्यें अमेरिकेनें तीं बेटें आपल्या राज्यास जोडलीं. राज्य गेलें, वाद्य राहिलें. १९१५ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत हवाईच्या वादकांनीं तें वाजविलें आणि सगळ्या अमेरिकेस त्याचें वेड लागलें. तिकडचे कारखाने धडाधड उकुलेली काढूं लागले आणि मूळच्या होनोलुलूच्या कारागिरांवर, आपल्याच वाद्याच्या नकला बाजारांत पाहण्याची वेळ आली.

पुढें १९४९ च्या सुमारास मारिओ मॅकाफेरी या इटालियन कारागिरानें प्लास्टिकची उकुलेली काढली. लांकडाचे जाणकार हंसले असतील. परंतु तीं वाद्यें लाखोंनीं खपलीं. ज्या घरांत कधीं कोणतेंच वाद्य नव्हतें, अशा किती घरांत तें पहिलें वाद्य म्हणून गेलें असेल, याची आपणच कल्पना करावी.

आतां खर्जाकडे वळूं. आपला तंबोरा एवढा उंच कां, आणि त्याची खर्जाची तार जाड पितळेची कां, याचा विचार आपण कधीं केला आहे काय? तार निम्मी केली कीं सूर एक सप्तक वर चढतो. म्हणून खालचा सूर हवा तर तार लांब तरी हवी, जड तरी हवी, नाहीं तर ढिली तरी हवी. हा नियम मेर्सेन या फ्रेंच पंडितानें १६३६ मध्यें ग्रंथरूपानें मांडला. पाश्चात्त्यांच्या बास गिटारची तार ३४ इंच लांब असते. बास उकुलेलीची अवघी २०-२१ इंच. आणि सूर मात्र तेच, ई, ए, डी, जी! त्यांपैकीं सर्वांत खालचा ई सेकंदास सुमारें ४१ कंपनांचा. इतक्या आंखूड अंतरावर पोलादी तार या सुरापर्यंत उतरविली, तर ती लोळूं लागेल.

ही अडचण रबरासारख्या तारांनीं सुटली. १९८५ च्या सुमारास इंग्लंडांत ॲशवर्थ-जोन्स आणि थॉर्नबरी या दोघांनीं सिलिकोनच्या जाड तारांचें 'ॲशबरी' नांवाचें आंखूड बास वाद्य तयार केलें. पुढें अमेरिकेंत ओवेन होल्ट यानें पॉलियुरेथेनच्या तारा उकुलेलीच्या देहावर चढविल्या, आणि २०१० च्या सुमारास 'काला' कंपनीनें तें वाद्य बाजारांत आणलें. करंगळीएवढी नव्हे, पण पेन्सिलीच्या जवळपास जाणारी ही तार जाड असूनही लवचिक राहते. तरीही एवढ्याशा पेटींतून खर्जाचा सूर मोठा निघत नाहीं. कारण त्या सुराची लहर आठ मीटरांहून लांब! म्हणून घोडीखालीं एक स्फटिकाची पट्टी बसवितात. दाब पडला कीं स्फटिकांत वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० मध्यें दाखविलें होतें. ती वीज ध्वनिवर्धकांत गेली कीं लहानसें वाद्य गंभीर बोलूं लागतें.

यांतच स्वस्त वाद्याचें मर्म आहे. आवाज मुख्यतः तार आणि पट्टी यांचा असल्यामुळें थरांच्या लांकडाची पेटीही चालून जाते. घेतांना चौघी तारा सारख्याच मोठ्यानें बोलतात ना, पडद्यांच्या कडा बोटांस कापत नाहींत ना, आणि खुंट्या सरकत नाहींत ना, एवढें पाहावें. नव्या तारा कांहीं दिवस ताणत राहतात व सूर उतरतो. तेव्हां वाद्यास दोष न देतां धीर धरावा. बोटें तारेस चिकटूं लागलीं तर चिमूटभर पावडर लावावी.

श्रोतेहो, आतां माझी गोष्ट. ज्या शाळेंत मी शिकवीत असें, तेथें एकच बाजाची पेटी होती आणि ती कुलुपांत असे. एके दिवशीं कपाट उघडें राहिलें आणि एका मुलानें पेटीवर बोटें फिरविलीं. मीं त्याला छडी मारली. पेटी बिघडली तर नवी कोठून आणावी, ही मला भीति. तो मुलगा पुन्हा पेटीजवळ गेला नाहीं. ती छडी मला अजून आठवते.

गेल्या वर्षीं माझी नात उकुलेली शिकूं लागली. ती म्हणाली, "आजोबा, माझ्या गाण्याला खालचा सूरच नाहीं. तो तुम्ही धरा ना!" पेन्शनीच्या तिसऱ्या हिश्श्यांत मीं बास उकुलेली आणली. जें गाणें डी, जी आणि ए या तीन सुरांवर उभें आहे, त्यास डाव्या हाताचें बोटही लागत नाहीं. तिन्ही तारा मोकळ्याच वाजतात. मऊ तारांमुळें माझीं वातानें धरलेलीं बोटेंही कुरकुरत नाहींत. नात सूर बदलते, मी खालीं पाया धरतों. आयुष्यभर पुढें उभें राहून शिकविलें. आतां मागें बसून साथ करावयास शिकतों आहें.

तें वाद्य मीं पेटींत ठेवलेलें नाहीं. ओसरीवर खुंटीस टांगलें आहे, तेंही मुलांचा हात पोंचेल इतकें खालीं. आळींतलीं मुलें येतां जातां तार छेडतात. एखादी तार तुटेल, खरें आहे. पण तुटलेली तार बदलतां येते.