शर्यतीचे निवृत्त घोडे

शर्यतीचे निवृत्त घोडे : वय, दुखापत किंवा मंदावलेला वेग यांमुळे शर्यतींतून कायमचे बाजूला काढलेले घोडे. शर्यतींसाठी मुख्यत्वे थरोब्रेड जातीचे घोडे वापरतात. ते दोन वर्षांचे झाल्यावर धावू लागतात आणि त्यांपैकी बहुतेकांची कारकीर्द सात-आठ वर्षांच्या वयापूर्वीच संपते. घोड्याचे नैसर्गिक आयुर्मान मात्र सामान्यतः २५ ते ३० वर्षे असते. साहजिकच त्याच्या आयुष्याचा मोठा भाग शर्यतीनंतरचा असतो. या काळातील पालनपोषण कोणी करावयाचे, हा प्रश्न शर्यतींच्या इतिहासात दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

मुंबईत घोड्यांच्या शर्यती प्रथम भायखळा येथे होत असत. महालक्ष्मी येथील शर्यतीचे मैदान १८८३ मध्ये तयार झाले. १९१२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील मैदानांना परवाना घेणे आवश्यक झाले. वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबला १९३५ मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली; या क्लबच्या शर्यती मुंबई व पुणे येथे होतात. ‘इंडियन डर्बी’ ही प्रतिष्ठेची शर्यत १९४३ पासून सुरू झाली. प्रारंभीच्या शर्यतींत इराणी आखातातून आणलेल्या अरबी घोड्यांचा भरणा असे. पुढे देशात थरोब्रेडची पैदास वाढली. या घोड्यांचा जन्म व वंशावळ यांची नोंद पुणे येथील वंशावळ-नोंदवहीत काटेकोरपणे ठेवली जाते. तथापि पैदाशीसाठी न निवडलेला घोडा मैदानाबाहेर गेला, की त्याचा पुढील वृत्तांत बहुधा कोठेच नोंदला जात नाही.

निवृत्तीनंतर निवडक घोड्या व अगदी थोडे वळू पैदाशीकडे जातात. काही घोडे अश्वारोहण मंडळांत नव्याने शिकविले जाऊन उपयोगी पडतात. उरलेले हातोहात विकले जातात. लग्नाची वरात, समुद्रकिनाऱ्यावरील सवारी, टांगा अशी त्यांची कामे बदलतात आणि प्रत्येक विक्रीबरोबर किंमत व निगा दोन्ही घटतात. मऊ मैदानावर धावण्यासाठी वाढविलेल्या घोड्याचे जायबंदी पाय डांबरी रस्त्यावर तग धरू शकत नाहीत. मुंबईतील हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदेशीर ठरविल्या.

निवृत्त घोड्यांचा सर्वांत लोकोपयोगी, पण लोकांस अल्पपरिचित असा वापर रक्तरसनिर्मितीत झाला. घोड्याला विष किंवा जंतुविष अत्यल्प व क्रमाने वाढत्या मात्रेत टोचल्यास त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात; ते रक्त काढून व शुद्ध करून औषध बनवितात. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेत असे रक्तरस तयार होत. पूनावाला कुटुंबाच्या पुण्यातील अश्वपैदास केंद्रातून (स्थापना १९४६) निवृत्त घोडे या संस्थेस दिले जात. त्यातूनच सायरस पूनावाला यांना स्वतः रक्तरस तयार करण्याची कल्पना सुचली आणि १९६६ मध्ये पुणे येथे सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. धनुर्वातावरील रक्तरस हे तिचे एक आरंभीचे उत्पादन होय. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवरील औषधही घोड्यांच्याच रक्तापासून मिळते. कोल्हापूर जिल्ह्यातील आजऱ्यासारख्या डोंगराळ, अतिपावसाच्या व भातशेतीच्या तालुक्यात चिखलात उतरणाऱ्या शेतकऱ्याला सर्पदंश झाल्यास त्याचा जीव या औषधाच्या कुपीवर अवलंबून असतो. या कामी केवळ शर्यतीचेच घोडे वापरतात असे नाही. खेचरे व तट्टेही वापरली जातात. परंतु वारंवार रक्त काढल्याने रक्तक्षय व अशक्तपणा यांचा धोका असतो. म्हणून पुरेसा खुराक, विश्रांती व पशुवैद्यकीय देखरेख यांशिवाय हा उपयोग म्हणजे घोड्याला लागलेली दुसरी वेठ ठरते.

भारतात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याचा छळ करणे, त्याला उपाशी ठेवणे किंवा वाऱ्यावर सोडून देणे हा अपराध आहे. परंतु ही जबाबदारी त्या त्या वेळच्या मालकावर किंवा ताबेदारावर पडते. ज्याने घोडा जन्माला घातला अथवा ज्याने त्याच्या धावण्यावर पैसा मिळविला, तो विक्रीनंतर मोकळा होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. त्याने पैजेचा प्रश्न सुटला, घोड्याच्या वार्धक्याचा नव्हे.

परदेशांत या प्रश्नाला धक्कादायक घटनांनी वाचा फुटली. १९८६ ची ‘केंटकी डर्बी’ जिंकणारा फर्डिनांड हा घोडा जपानमध्ये कत्तलखान्यात गेल्याचे २००३ मध्ये उघड झाले. त्यानंतर अमेरिकेत निवृत्त घोड्यांच्या संगोपनाची मागणी वाढली व २०१२ मध्ये त्यासाठी निधी पुरविणारी व आश्रयस्थानांना मान्यता देणारी संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये शर्यतव्यवसायाने २००० सालीच अशा घोड्यांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी संस्था काढली होती. या उपायांमागील तत्त्व एकच आहे : ज्या व्यवसायाला घोड्याच्या वेगातून उत्पन्न मिळते, त्याने त्या उत्पन्नाचा काही अंश त्याच्या उत्तरायुष्यासाठी राखून ठेवावा. भारतात वंशावळीची नोंदवही व घोड्याची ओळख पटविण्याची साधने उपलब्ध आहेत. नोंद जन्मापासून मृत्यूपर्यंत चालविली, तर मैदान सोडलेला घोडा कोठे गेला व कोणाच्या हाती मेला, हे सांगता येईल. आणि तेव्हाच उत्तरदायित्व ठरविता येईल.