एक स्टेशन, दोन शहरं

बचतीचा हिशोब आटोपला असेल, तर पाच-सात मिनिटं आमच्यासोबत बसा. आज आम्ही तुम्हाला एका रेल्वे स्टेशनावर नेणार आहोत. स्टेशन आहे जर्मनीतल्या बर्लिन शहरात. नाव जरा जड आहे, फ्रीडरिशश्ट्रासे. पण त्याची गोष्ट मात्र आपल्या ओळखीची आहे. माहेरी कधी जायचं आणि कुणाला विचारून जायचं, अशी ती गोष्ट आहे.

हे स्टेशन १८८२ साली सुरू झालं. शहराच्या अगदी मधोमध, श्प्रे नदीजवळ, कमानींवर बांधलेल्या उंच मार्गावर. १९२३ साली तिथे भुयारी रेल्वे आली, १९३६ साली जमिनीखालून लोकलचाही मार्ग आला. वर गाड्या, खाली गाड्या, चारी दिशांना जाणारी माणसं. मुंबईतलं दादर पाहिलेल्या बायकांना ही गर्दी लगेच कळेल.

१९४५ साली दुसरं महायुद्ध संपलं. जर्मनी हरली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया या चौघांनी बर्लिन वाटून घेतलं. पहिल्या तिघांचा भाग झाला पश्चिम बर्लिन, रशियाचा पूर्व बर्लिन. आपलं स्टेशन पूर्वेत आलं. तरी सुरुवातीची बरीच वर्षं लोक लोकलने इकडून तिकडे जात होते. घर एका बाजूला, नोकरी दुसऱ्या बाजूला, असे हजारो जण होते. पण पूर्वेतून बरेच लोक कायमचे निघूनही जात होते. १९४९ ते १९६१ या काळात पंचवीस लाखांहून जास्त माणसं गेली. त्यात तरुण आणि शिकलेले पुष्कळ.

मग १३ ऑगस्ट १९६१ उजाडला. रविवार होता. पूर्वेच्या सरकारने रातोरात सीमेवर काटेरी तार ओढली आणि पुढे तिची भिंत झाली. शनिवारी रात्री लेक एका भागात झोपली, आई दुसऱ्या भागात. सकाळी दोघींच्या मध्ये बंदूकधारी शिपाई उभे होते.

आता स्टेशनाचं काय करायचं? ते पूर्वेत होतं, पण पश्चिमेच्या भुयारी गाड्या त्याच्या खालून जात होत्या. वाटेतली पूर्वेकडची बाकीची स्टेशनं बंद केली. अंधुक उजेडात पहारेकरी उभे असत आणि गाडी न थांबता हळूहळू पुढे जाई. लोक त्यांना भुतांची स्टेशनं म्हणू लागले. गाडी थांबे ती फक्त फ्रीडरिशश्ट्रासेला. तिथे वरच्या फलाटांच्या मध्ये पत्र्याची भिंत घातली. एका बाजूला पूर्वेची लोकल येऊन संपायची, दुसऱ्या बाजूला पश्चिमेची. एकाच छपराखाली दोन्ही गाड्यांचे आवाज ऐकू येत, पण गाडी दिसत फक्त आपल्या बाजूची.

१९६२ साली स्टेशनाला लागून काचेचा एक मोठा हॉल बांधला. पश्चिमेला परत जाणाऱ्यांची तिथे तपासणी होई. भेटायला आलेले पाहुणे आत जात, पूर्वेचे नातलग दाराबाहेर राहत. पुन्हा भेट कधी, कुणालाच ठाऊक नसे. म्हणून लोकांनीच त्या हॉलचं नाव पाडलं, अश्रूंचा महाल. आत एकेका माणसापुरत्या अरुंद खोल्या होत्या. पासपोर्ट खिडकीत द्यायचा आणि शिक्का पडेपर्यंत ताटकळायचं. त्या ताणाने हृदय बंद पडून काही वयस्क प्रवाशांनी सीमेवरच प्राण सोडले.

पूर्वेतल्या लोकांना पश्चिमेला जायची मुभा जवळपास नव्हतीच. १९६४ च्या नोव्हेंबरपासून मात्र पेन्शनवर गेलेल्यांना नातलगांकडे जाता येऊ लागलं. म्हणजे बायकांना साठीनंतर, पुरुषांना पासष्टीनंतर. हे ऐकून आम्हाला आधी बरं वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्यांची तरी दया आली. मग हिशोब लक्षात आला. कामकरी माणूस परत आला नाही, तर सरकारचं नुकसान. म्हातारी परत आली नाही, तर तिचं पेन्शन वाचलं.

पण याच आज्यांनी तुटलेली घरं सांधून ठेवली. जाताना निरोप न्यायच्या, येताना कॉफी, चॉकलेट, नातवंडांसाठी कपडे आणायच्या. कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला बाळ झालं, ही बातमी त्यांच्या तोंडून घरोघर पोचायची. सरकारने ज्यांना बिनकामाच्या ठरवलं, त्यांनीच हे काम केलं.

९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री सीमा उघडली. २ जुलै १९९० रोजी फ्रीडरिशश्ट्रासेवरून लोकल पुन्हा पूर्वेतून सरळ पश्चिमेत धावली. मधली भिंत गेली. अश्रूंच्या महालात २०११ पासून संग्रहालय आहे आणि ते बघायला तिकीट लागत नाही.

मैत्रिणींनो, बर्लिनची भिंत अठ्ठावीस वर्षं होती. आपल्या गावात तर भिंतही नाही, पत्राही नाही. रस्ता मोकळा आहे, एसटीही येते. तरी आपल्यातल्या कितीजणींना आजारी आईला भेटायला चार माणसांची परवानगी लागते? आणि ती परवानगी सहज मिळते केव्हा? हातपाय थकल्यावर, घरात आपलं काम उरलं नाही म्हणजे. तिथल्या आज्यांसारखंच.

पुढच्या बैठकीत सगळ्या गोल बसा आणि एवढंच एकमेकींना सांगा: मी शेवटची माहेरी कधी गेले, आणि जायचं की नाही हे कुणी ठरवलं? लहान सुनांना आधी बोलू द्या. आणि सासू असाल, तर आपली सून केव्हा गेली होती, तेही आठवा. आम्हीही आमच्या गटात हाच प्रश्न घेणार आहोत. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.