शिशाचे खिळे आणि शंकर आबाजी भिसे

‘हिंदुस्थानचा एडिसन’ ही पदवी आपल्याकडे ज्यांना लावली गेली ते शंकर आबाजी भिसे. पदवी प्रेमाने दिलेली आहे, पण मला ती कधी फारशी रुचली नाही. एडिसनने १८७६ साली मेन्लो पार्कला आपली प्रयोगशाळा थाटली, हाताखाली कारागीर ठेवले, आणि दोन वर्षांच्या आत विजेच्या दिव्यासाठी अमेरिकेतल्या बड्या सावकारांनी त्याच्यामागे पैसा उभा केला. भिशांच्या मागे कोण होते? एक वृद्ध देशभक्त, एक समाजवादी पुढारी नि एक उदार पारशी गृहस्थ. या तिघांना बाजूला ठेवून भिशांच्या यंत्राची गोष्ट सांगताच येत नाही.

भिशांचा जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १८६७ चा. चौदाव्या वर्षी या मुलाने घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस काढण्याचे उपकरण बनवले. आता असा मुलगा त्या काळी शिकायला जाणार कुठे? मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था निघाली १८८७ साली. पुण्यात इंजिनिअरिंगचे शिक्षण होते, पण त्याची मूळ स्थापनाच मुळी सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसे मिळावीत म्हणून झालेली. रस्ता मोजणारा ओव्हरसियर सरकारला हवा होता. नवे यंत्र काढणारा माणूस कुणी मागितलाच नव्हता. भिशांनी मग स्वतःच मुंबईत सायंटिफिक क्लब काढला, आणि यंत्रांची विद्या मराठीत सांगणारे ‘विविध कला प्रकाश’ नावाचे मासिकही चालवले.

त्यांचे नाव समुद्रापार गेले ते एका वजनकाट्यामुळे. लंडनच्या एका शोधविषयक नियतकालिकाने स्पर्धा लावली होती: साखर, पीठ असला सुटा माल आपोआप तोलून देणारे यंत्र सुचवा. आमच्या चाकूरकडच्या वाचकांना यातली अडचण समजावून सांगायला नको. आडत दुकानात तुरीचे कट्टे भरताना मापाडी शेवटची ओंजळ कशी टाकतो, काढतो, पुन्हा टाकतो, ते आपण पाहिलेले असते. काटा स्थिरावला म्हणेपर्यंत वरून धान्य पडतच असते. ते नेमके कधी थांबवायचे हे यंत्राला कळले पाहिजे. भिशांनी मुंबईत बसून आराखडा काढला, धाडून दिला, आणि इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस पटकावले. ही हकीगत एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरची. त्या बळावर ते लंडनला गेले. दिनशा वाच्छांनी त्यांच्याकडे दादाभाई नौरोजींच्या नावे पत्र दिले होते.

दादाभाई तेव्हा सत्तरी ओलांडलेले. १८९२ ते १८९५ पार्लमेंटात बसून झालेले. स्वतः काही मोठे धनवान नव्हते. पण हिंदुस्थानची संपत्ती कशी वाहून जाते हे आयुष्यभर आकड्यांनी सिद्ध करणाऱ्या या म्हाताऱ्याने एका मराठी तरुणाच्या डोक्यातल्या यंत्रावर आपला पैसा लावला. वर्षामागून वर्ष लावला. लंडनमध्ये भिशांनी जाहिरातीचे विजेचे फलक केले, स्वयंपाकघरातली उपकरणे केली, आणखी किती तरी केले. त्यांच्या नावावर दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसेक पेटंटे सांगतात. पण त्यांचा जीव अडकला होता तो छापखान्याच्या खिळ्यात.

हा खिळा म्हणजे काय, ते आता थोडे सांगावेच लागेल. कारण लग्नपत्रिका संगणकावर व्हायला लागल्यापासून तरुण मंडळींनी तो पाहिलेलाच नाही. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस साच्यात ओतायचा की एक अक्षर तयार. कथिलाने रस सहज वाहतो, अँटिमनीने खिळा कडक होतो. रस ओता, दाबा, गार होऊ द्या, खिळा बाहेर काढा. यात वेळ खातो तो गार होण्याचा. मोनोटाइप हे त्या काळचे नामांकित यंत्र. ते मिनिटाला दीडशेच्या आसपास खिळे पाडी. भिशांचा दावा होता बाराशेंचा! लंडनच्या जाणकारांना तो पटेना. भिशांनी यंत्र तयार करून दाखवायला घेतले. नाव ठेवले ‘भिसोटाइप’.

एक गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते. भिशांच्या जन्माआधी तीन वर्षे, १८६४ साली, जावजी दादाजींनी मुंबईत टाइप ओतण्याचा कारखाना घातला. पुढे त्यातूनच निर्णयसागर उभे राहिले. म्हणजे खिळ्याची विद्या भिशांच्या गावात होती, उत्तम होती. नव्हता तो नाजूक यंत्राचे भाग घडवणारा कारखाना. त्यासाठी लंडनच गाठावे लागे, आणि लंडनमध्ये फुकट काहीच मिळत नसे.

यंत्र बाजारात आणायला हजारो पौंड हवे होते. ते उभे करून देतो म्हणून पुढे आले हेन्री हिंडमन: इंग्लंडचे समाजवादी पुढारी, हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याचे कडवे टीकाकार, दादाभाईंचे मित्र. भांडवलशाहीचा कट्टर शत्रू आपल्या मित्रासाठी भांडवलदारांचे उंबरे झिजवतोय, हे चित्र मोठे गमतीचे. पण भिशांना त्यात हसू येण्यासारखे काही नव्हते. पैसा जमला नाही. १९०७ साली दादाभाई कायमचे मायदेशी परतले, त्यांनीही हात आखडता घेतला. भिशांनी कारखाना गुंडाळला आणि १९०८ मध्ये मुंबईची बोट धरली.

नशीब पाहा. त्याच प्रवासात गोपाळ कृष्ण गोखल्यांची गाठ पडली. गोखल्यांनी रतन टाटांकडे शब्द टाकला. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १९१८ साली वारलेले, अलीकडचे नव्हेत. गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यालाही याच गृहस्थांनी पैसा दिला होता. १९१० साली लंडनमध्ये टाटा-भिसे कंपनी निघाली. भिसे पुन्हा कामाला लागले, आणि चार वर्षांत महायुद्ध पेटले. तोफा ओतायच्या दिवसांत खिळे ओतायच्या यंत्राला कोण विचारतो? १९१५ मध्ये कंपनी मिटली.

माणूस मात्र मिटला नाही. पन्नाशीला टेकलेले भिसे अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कला राहिले, तिथे खिळ्यांचे यंत्र नव्याने केले, त्याची कंपनीही काढली. आयोडीनपासून ‘अ‍ॅटोमिडीन’ नावाचे औषध त्यांनी बनवले, ते अमेरिकेत विकले जाऊ लागले. छपाईचा बाजार मात्र लायनोटाइप आणि मोनोटाइप या दोन बड्या कंपन्यांच्याच मुठीत राहिला.

इंग्रजीचे ठीक आहे हो, सव्वीस अक्षरे. देवनागरीला काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे धरून शेकड्यांनी खिळे लागत. खिळे जुळवणाऱ्याचे हात भरून येत. टिळकांनीही ही संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. देवनागरी लायनोटाइपच्या यंत्रावर बसवली गेली ती १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांत, न्यूयॉर्कमध्येच; हरी गोविल यांनी ती लायनोटाइप कंपनीसाठी बसवली. भिसे तेव्हा त्याच शहरात राहत होते. ७ एप्रिल १९३५ रोजी ते तिथेच वारले.