आवृत्तिक्रमांक आणि लॉक फाइल

वेबवरील प्रोग्राम सर्वस्वी एकाच हाताने लिहिलेला क्वचितच असतो. तो इतरांनी रचलेल्या लायब्ररींवर विसंबतो, आणि त्या लायब्ररी आणखी इतरांवर. या परावलंबनास शिस्त लावण्याच्या हेतूने टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी आवृत्तिक्रमांकाचा एक संकेत मांडला. त्याची २.० ही आवृत्ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. क्रमांकाच्या तीन घटकांपैकी पहिला जुन्याशी विसंगत असा बदल दर्शवितो, दुसरा सुसंगत भर, तर तिसरा केवळ दोषदुरुस्ती. यावर भिस्त ठेवून जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारात पहिला घटक न बदलता आलेली नवी आवृत्ती आपोआप स्वीकारण्याची प्रथा रूढ झाली. वस्तुतः हा क्रमांक म्हणजे कर्त्याचे वचन होय, प्रमाण नव्हे.

२२ मार्च २०१६ रोजी या व्यवस्थेचे दुसरेच वैगुण्य उघड झाले. एका पॅकेजच्या नावावरून उद्भवलेल्या वादातून अझेर कोचुलू यांनी आपली अडीचशेहून अधिक पॅकेजे भांडारातून काढून घेतली. त्यांत मजकुराच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरणारे, अवघ्या अकरा ओळींचे ‘लेफ्ट-पॅड’ होते. त्याच्या अभावी बेबेलसारखी मोठी साधने अडली. दुसऱ्या एकाने तत्काळ १.०.० ही समतुल्य आवृत्ती प्रसिद्ध केली. तथापि अवलंबनाच्या साखळीतील एका पॅकेजने नेमकी ०.०.३ हीच मागितली असल्याने अडचण टळली नाही. अखेर एनपीएमने ती मूळ आवृत्ती पूर्ववत केली आणि पॅकेज मागे घेण्यावर निर्बंध घातले. नेमका क्रमांक नोंदविणे पुरेसे नाही, त्या क्रमांकाची वस्तू जतनही व्हावी लागते, हा त्यातील बोध होय.

नेमकेपणाचा प्रश्न लॉक फाइलने सोडविला. रूबी भाषेच्या बंडलरमध्ये ती २०१० पासून होती. जावास्क्रिप्टमध्ये यार्नने ऑक्टोबर २०१६ मध्ये व एनपीएमने मे २०१७ मध्ये तिचा अंगीकार केला. एनपीएमच्या लॉक फाइलीत प्रत्येक पॅकेजची निश्चित आवृत्ती आणि त्यातील आशयाची गणिती मुद्रा नोंदलेली असते.

तिचे मोल २०१८ साली दिसून आले. ‘इव्हेंट-स्ट्रीम’च्या ३.३.६ या आवृत्तीत केवळ तिसरा घटक बदलला होता. परंतु तिच्याद्वारे आत शिरलेल्या दुसऱ्या पॅकेजात पुढे बिटकॉइन चोरण्याच्या हेतूने लिहिलेला कोड आढळला. जुनी आवृत्ती लॉक केलेले प्रकल्प त्यातून वाचले. मात्र हेच कुलूप जुने दोषही तसेच जपून ठेवते. सारांश, लॉक फाइल एकरूपतेची हमी देते, निर्दोषतेची नव्हे. नवी आवृत्ती केव्हा स्वीकारावी, हा निर्णय पारखूनच घ्यावा लागतो.