नौदलातील पेटी ऑफिसर : अधिकार हुकमाचा, शिक्षेचा नव्हे

युद्धनौकेवरील शिस्त म्हटली की सर्वसामान्य नागरिकाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो जहाजाचा कप्तान. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. जहाजावरील प्रत्येक गोष्टीची अंतिम जबाबदारी त्याचीच असते. मात्र 'विक्रांत'सारख्या विमानवाहू नौकेवर सुमारे १६०० माणसे राहतात आणि त्यातील प्रत्येकावर कप्तानाची नजर असणे अशक्य असते. नुकताच भरती झालेला नौसैनिक वेळेवर पहाऱ्यावर आला का, इंजिनाच्या नोंदवहीत त्याने खरे आकडे लिहिले का, घरून आलेल्या एखाद्या बातमीने तो बेचैन आहे का, हे पाहणारा माणूस त्याच्यापेक्षा जेमतेम काही वर्षांनी मोठा असलेला लीडिंग सीमन किंवा पेटी ऑफिसर असतो. जगातील बहुतेक नौदलांची शिस्त या कनिष्ठ नेतृत्वाच्या खांद्यावर उभी आहे. विशेष म्हणजे, ज्याच्याकडून शिस्तीची सर्वाधिक अपेक्षा केली जाते, त्याच्या हाती शिक्षा करण्याचा अधिकार जवळजवळ नसतो.

पदांची उतरंड

'पेटी' हा शब्द 'लहान' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून इंग्रजीत आला. राजाच्या सनदेने नेमलेले ते अधिकारी आणि खलाशांमधून निवडलेले ते लहान अधिकारी, असा तो मूळ भेद. भारतीय नौदलात सीमनच्या दोन श्रेणींनंतर लीडिंग सीमन, त्यानंतर पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर आणि शेवटी मास्टर चीफ पेटी ऑफिसरच्या दोन श्रेणी, अशी ही शिडी आहे. भूदलाशी तुलना केल्यास लीडिंग सीमन हा नाईकच्या आणि पेटी ऑफिसर हा हवालदाराच्या बरोबरीचा ठरतो. चीफ पेटी ऑफिसरपासून पुढची पदे नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर यांच्या तोडीची आहेत.

लीडिंग सीमनच्या बाहीवर एक नांगर असतो, तर पेटी ऑफिसरच्या बाहीवर एकमेकांना छेदणारे दोन नांगर. लहान नांगराला जुन्या इंग्रजीत जो शब्द होता, त्यावरून लीडिंग सीमनला नौसैनिकांच्या बोलीत आजही 'किलिक' म्हणतात. नेतृत्वाची खरी सुरुवात याच पदावर होते. कालपर्यंत ज्यांच्या पंगतीला बसून जेवलो, त्यांनाच आज काम वाटून द्यायचे, ही त्यातील पहिली अवघड परीक्षा.

मधल्या फळीच्या अशा नेतृत्वाची कल्पना कोकणच्या दर्यावर्दी समाजाला नवीन नाही. गलबतावरील तांडेल आणि सारंग ही माणसे हेच काम करीत. रॉयल इंडियन मरीनच्या काळात तिच्या खलाशांत रत्नागिरीकडील कोकणी मुस्लिमांचा मोठा भरणा होता. ऑक्टोबर १९३४ मध्ये या दलाचे रूपांतर रॉयल इंडियन नेव्हीत झाले आणि ब्रिटिश नौदलाची पदरचना तेथे पूर्णपणे रुजली.

दोरखंडाकडून अहवालाकडे

ही रचना आज जितकी संयमित दिसते तितकी ती पूर्वी नव्हती. शिडांच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश नौदलातील बोसनचे मदतनीस हातात गाठ मारलेला दोर घेऊनच डेकवर फिरत. काम करण्यास मंद वाटणाऱ्या खलाशाच्या पाठीवर तो तिथल्या तिथे ओढला जाई. त्यासाठी ना चौकशी होई, ना नोंद. ब्रिटिश नौदल मंडळाने १८०९ मध्ये या प्रकाराला बंदी घातली. कप्तानाच्या हुकमाने दिली जाणारी फटक्यांची शिक्षा त्यानंतरही अनेक दशके चालू राहिली. अमेरिकी काँग्रेसने आपल्या नौदलातून ती १८५० मध्ये रद्द केली, तर ब्रिटिश नौदलात ती १८७०च्या दशकात स्थगित झाली.

या दोन शिक्षांमधला फरक महत्त्वाचा आहे. फटक्यांची शिक्षा क्रूर होती, पण ती कोणी द्यायची हे ठरलेले होते आणि तिची नोंद जहाजाच्या दप्तरात राहत असे. बोसनच्या मदतनीसाचा दोर मात्र ज्याच्या हातात असेल त्याच्या मर्जीवर चाले. तो आधी बंद झाला यात एक तत्त्व होते. जो माणूस चूक पाहतो, रागावतो आणि ज्याचे काम त्या चुकीमुळे अडलेले असते, त्यानेच त्या क्षणी शिक्षा ठरवू नये. आजची व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे.

दिवसभराची कामे

पेटी ऑफिसरचे काम कागदावर साधे दिसते. आपल्या विभागातील माणसांना पहाऱ्याच्या पाळ्या लावणे, सफाई आणि देखभालीची कामे वाटणे, यंत्रे व हत्यारांची तपासणी करणे, नव्या माणसाला शिकवणे आणि त्याला काम येते की नाही याची खात्री करून सही करणे. समुद्रावर पहाऱ्याची पाळी साधारण चार तासांची असते. संध्याकाळी चार ते आठ या वेळेत दोन-दोन तासांच्या दोन आखूड पाळ्या ठेवून हे चक्र रोज पुढे सरकवले जाते, म्हणजे मध्यरात्रीची पाळी सतत एकाच्याच वाट्याला येत नाही. पाळ्या न्याय्यपणे लावल्या जातात की नाही, यावरून माणसे आपल्या पेटी ऑफिसरची पहिली परीक्षा करतात.

याला जोडून येते ती 'डिव्हिजनल' पद्धत. जहाजावरील प्रत्येक नौसैनिक एखाद्या विभागाशी जोडलेला असतो आणि त्या विभागाचा एक अधिकारी त्याच्या कल्याणाला जबाबदार असतो. नौसैनिक आणि हा अधिकारी यांच्यामधला दुवा म्हणजे पेटी ऑफिसर. रजेचा अर्ज, बढतीच्या परीक्षेची तयारी, घरातील आजारपण, पगारातील घोळ, या गोष्टी आधी त्याच्या कानावर येतात. मेसडेकमध्ये, म्हणजे जेथे नौसैनिक जेवतात आणि झोपतात त्या जागेत, शांतता व स्वच्छता राखण्याचे काम तेथल्या लीडिंग सीमनकडे असते. तेथे दारे बंद करून स्वतःपुरते राहता येत नाही. दोघांमधील धुसफूस सर्वांना ऐकू येते आणि ती वेळीच मिटवणे हा नेतृत्वाचाच भाग ठरतो.

संकटाच्या वेळी ही जवळीक कामाला येते. आग लागली किंवा कप्प्यात पाणी शिरले, तर पहिल्या काही मिनिटांत निर्णय घेणारा माणूस बहुधा तेथे हजर असलेला पेटी ऑफिसर असतो. कोणाला आत पाठवायचे आणि कोणते दार बंद करायचे हे तो सांगतो. त्या क्षणी हुकूम निमूट पाळला जावा, यासाठीच रोजच्या शिस्तीचा एवढा आग्रह असतो.

हुकूम, समज आणि तक्रार

भारतीय नौदलाचा कारभार नौदल अधिनियम, १९५७ नुसार चालतो. हा कायदा १ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. वरिष्ठाचा कायदेशीर आदेश न पाळणे, त्याच्याशी उद्धटपणे वागणे किंवा त्याच्यावर हात उचलणे हे त्यानुसार गुन्हे आहेत. पेटी ऑफिसरच्या शब्दामागे उभे असलेले बळ ते हेच. मात्र 'कायदेशीर' हा शब्द येथे निर्णायक आहे. कर्तव्याशी संबंधित काम सांगणे हा आदेश झाला. स्वतःचे खासगी काम करून घेणे हा पदाचा गैरवापर झाला.

चूक दिसली तर पेटी ऑफिसरपुढे मोजके मार्ग असतात. तो जागेवर चूक दुरुस्त करवून घेतो. तो शक्यतो बाजूला घेऊन समज देतो. काम नीट होईपर्यंत ते पुन्हा करायला लावतो. चूक गंभीर किंवा वारंवार होणारी असेल, तर तो वरिष्ठांकडे तक्रार नोंदवतो. पगार कापणे, रजा रद्द करण्याची शिक्षा देणे, कोंडून ठेवण्याची शिक्षा ठोठावणे किंवा शारीरिक शासन करणे यांतले काहीही त्याच्या अधिकारात येत नाही.

तक्रार नोंदवल्यावर विषय त्याच्या हातून सुटतो. प्राथमिक चौकशी होते, प्रकरण ड्यूटीवरील अधिकाऱ्याकडून कार्यकारी अधिकाऱ्यापुढे आणि आवश्यक तर कमांडिंग ऑफिसरपुढे जाते. आरोपी नौसैनिकाला आपली बाजू मांडता येते आणि त्याचा विभागीय अधिकारी त्याच्या एकंदर वर्तनाविषयी बोलू शकतो. कमांडिंग ऑफिसर संक्षिप्त सुनावणीत तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची शिक्षा देऊ शकतो. त्याहून गंभीर प्रकरणे कोर्ट मार्शलकडे जातात.

या साखळीत पेटी ऑफिसरची जागा पहिल्या साक्षीदाराची असते. त्याने लिहिलेल्या दोन ओळींवर पुढचे सारे उभे राहते. 'उशिरा आला' आणि 'येण्यास नकार दिला' यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. रागाच्या भरात वापरलेला एक शब्द तरुण नौसैनिकाची ज्येष्ठता, पगार किंवा बढती हिरावून घेऊ शकतो. उलट, मैत्रीखातर दडपलेली चूक उद्या इंजिन रूममध्ये कोणाच्या जिवावर बेतू शकते. स्वतः पेटी ऑफिसरही या कायद्याच्या बाहेर नाही. गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्याचे पद उतरवण्याची शिक्षा कायद्यात आहे. अन्याय झाल्याचे वाटणाऱ्या नौसैनिकाला वरिष्ठांकडे दाद मागण्याची तरतूद कायद्यात आहेच; शिवाय २००७च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईतही आहे.

अमेरिकी नौदलातील मर्यादा

पेटी ऑफिसरच्या अधिकारांची रेषा अमेरिकी नौदलाने बरीच बारकाईने आखली आहे. तेथे १८८५ मध्ये या पदाचे तीन वर्ग करण्यात आले. आज सर्वांत कनिष्ठ, म्हणजे तिसऱ्या वर्गाचा पेटी ऑफिसर बहुधा पंचविशीच्या आतला असतो. त्याच्याशी उद्धटपणा करणे हा तेथील लष्करी न्यायसंहितेच्या ९१व्या कलमाखाली गुन्हा आहे. त्याच संहितेचे ९३वे कलम हाताखालच्या माणसाला क्रूरपणे वागवणाऱ्या वरिष्ठाला शिक्षापात्र ठरवते. कोर्ट मार्शलविना शिक्षा देण्याचा १५व्या कलमातील अधिकार मात्र कमांडिंग ऑफिसर आणि स्वतंत्र तुकडीच्या प्रमुख अधिकाऱ्यापुरताच आहे.

पेटी ऑफिसरला तेथे आणखी एक साधन उपलब्ध आहे, ते 'एक्स्ट्रा मिलिटरी इन्स्ट्रक्शन'चे, म्हणजे जादा प्रशिक्षणाचे. कामातील उणीव दूर करण्यासाठी नौसैनिकाला अधिक वेळ सराव करायला लावता येतो. मात्र सराव त्या उणिवेशीच संबंधित असावा लागतो. नोंदवही चुकीची लिहिणाऱ्याला नोंदी ठेवण्याचा सराव देता येईल, शौचालये धुवायला लावता येणार नाही. हा सराव सर्वसाधारणपणे दिवसाला दोन तासांहून अधिक नसावा, संबंधिताच्या धार्मिक विश्रांतीच्या दिवशी नसावा आणि उणीव दूर होताच थांबवावा, असे नियम सांगतात. कामाच्या वेळेनंतर असा सराव लावायचा असेल, तर तो अधिकार कमांडिंग ऑफिसरकडून सोपवला जावा लागतो. शिकवणे आणि शिक्षा करणे यांची सरमिसळ होऊ नये, हा या सर्व तरतुदींचा हेतू आहे.

मुंबईने पाहिलेला धडा

ही मधली फळी कोसळली की काय होते, हे मुंबईने फेब्रुवारी १९४६ मध्ये पाहिले. कुलाब्यातील 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील नौसैनिकांनी १८ फेब्रुवारीला अन्न आणि काम नाकारले. निकृष्ट जेवण, अपुरा पगार, गोऱ्या-काळ्यातील भेदभाव यांविषयीचा असंतोष साचलेला होताच. त्यात केंद्राचे प्रमुख कमांडर किंग यांनी नौसैनिकांना अपशब्द वापरल्याच्या तक्रारीची भर पडली. स्वातंत्र्यलढ्याचे वारेही बराकींत पोहोचलेले होते. बघता बघता उठाव मुंबई, कराची आणि अन्य बंदरांतील जहाजांवर पसरला.

या उठावात स्थापन झालेल्या मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष होते लीडिंग सिग्नलमन एम. एस. खान आणि उपाध्यक्ष होते पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट मदन सिंग. ज्या दोन पदांकडून सरकारने शिस्त राखण्याची अपेक्षा केली होती, त्याच पदांवरील माणसांना सहकाऱ्यांनी आपले नेते निवडले. सरदार पटेल यांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला उठाव मागे घेण्यात आला. स्वातंत्र्यलढ्यातील त्याचे स्थान सर्वमान्य आहे. पण नेतृत्वाच्या अभ्यासकांसाठीही त्यात एक बोध आहे. कनिष्ठ नेत्याचा शब्द खाली चालतो तो वरही ऐकला जातो म्हणून. तक्रार वर नेण्याचा मार्ग बंद झाला, तर नांगराचे चिन्ह बाहीवर तसेच राहते, पण त्यामागचा माणूस वरिष्ठांचा राहत नाही.

बदलता काळ

आज भारतीय नौदल या नेतृत्वाच्या प्रशिक्षणाकडे स्वतंत्रपणे लक्ष देते. कोइम्बतूर येथील 'आयएनएस अग्रणी' ही संस्था नेतृत्वाच्या अभ्यासक्रमांसाठीच आहे. अग्निपथ योजनेतील नौदलाची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये ओडिशातील 'आयएनएस चिल्का' येथून बाहेर पडली आणि तिच्याबरोबर महिलाही प्रथमच नौसैनिक म्हणून दाखल झाल्या. चार वर्षांच्या मुदतीवर आलेल्या तरुण-तरुणींना थोड्या अवधीत तयार करण्याची आणि त्यांना निकोप वागणूक मिळेल हे पाहण्याची जबाबदारी पुन्हा लीडिंग सीमन आणि पेटी ऑफिसर यांच्यावरच आली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सिंधुदुर्गात झालेल्या नौदल दिनाच्या सोहळ्यात नौदलातील पदांना भारतीय परंपरेनुसार नावे देण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली.

नाव कोणतेही असो, कामाचे स्वरूप तेच राहणार आहे. हाताखालच्या माणसाला त्याची चूक स्पष्ट सांगावी, ती सुधारण्याची संधी द्यावी, आणि तरीही ती झाली तर पाहिले तेवढेच लिहावे व निवाडा वरिष्ठांवर सोपवावा. पेटी ऑफिसरकडून कायद्याची आणि त्याच्या माणसांची अपेक्षा एवढीच असते, आणि रात्रीच्या पहाऱ्यावर उभा असलेला तरुण नौसैनिक नौदलाविषयीचे आपले मत बहुधा त्यावरूनच ठरवतो.