शब्दवेध : अर्बुद

‘कर्करोग’ या शब्दातला खेकडा ग्रीक आहे. गाठीभोवती फुगलेल्या शिरांमध्ये तिथल्या वैद्यांना खेकड्याचे पाय दिसले. त्यांचा ‘कार्किनोस’ लॅटिनमध्ये ‘कॅन्सर’ झाला आणि आपण संस्कृतातला ‘कर्क’ घेऊन तीच कल्पना मराठीत आणली. आपला जुना शब्द ‘अर्बुद’. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात त्याची लक्षणे आहेत : गोल, स्थिर, कमी दुखणारी, खोल मुळांची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी गाठ. गाठीवर गाठ आली, तर ते ‘अध्यर्बुद’.

अंश शिल्लक राहिला तर अर्बुद लवकरच पुन्हा उगवते, हे सुश्रुताने बजावले होते. शल्यविशारद आजही तोच नियम पाळतात : गाठीबरोबर भोवतालची निरोगी ऊतीही काढायची. प्राण्यांच्या शस्त्रक्रियेतही तेच : कुत्र्याच्या त्वचेतील मास्ट नावाच्या पेशींच्या गाठीभोवती निरोगी ऊतीची ही कड बहुधा दोन-तीन सेंटिमीटर ठेवतात. मग तुकड्याच्या कडांना शाई लावून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कडेवर रोगट पेशी सापडल्या, तर पुढचे उपचार ठरवावे लागतात.

मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय आणि १९४१ साली कर्करोगासाठीचे टाटा रुग्णालय सुरू झाले. रुग्ण चार पायांचा असो वा दोन, अर्बुदाची व्याख्या दोन्हीकडे एकच.