‘व्हर्सायचा गुलाब’ आणि विश्वकोशातील नोंद

आजचा धागा एका जपानी प्रेमकथेविषयी आणि तिच्यावरील विश्वकोशीय लेख कसा सुधारावा याविषयी.

मंगामालिकांवरील विकिपीडियाचे लेख उघडले की बहुधा एकच दृश्य दिसते: पानभर कथानक, त्याहून लांब पात्रपरिचय आणि निर्मितीविषयी दोन-तीन वाक्ये. लिहिणारे कथेच्या प्रेमात असतात, त्यामुळे ते कथाच सांगत राहतात. विकिपीडियाचा दंडक मात्र असा की कल्पित कृतीचे वर्णन वास्तव जगात उभे राहून करावे.

हा दंडक सर्वांत निकडीचा ठरतो तो रियोको इकेदा यांच्या ‘बेरुसाइयु नो बारा’ या मालिकेबाबत. १९७२-७३ मध्ये ती ‘मार्गारेट’ या मुलींच्या साप्ताहिकात क्रमशः आली. मालिका सुरू झाली तेव्हा लेखिकेने पंचविशीही गाठली नव्हती. श्टेफान झ्वाइगचे मारी आंत्वानेतचे चरित्र (१९३२) तिने शाळकरी वयात वाचले होते. मालिकेचे बीज तेथे आहे. आरंभी नायिका राणीच होती, परंतु वाचक मुलींनी हृदयाशी धरले ते ओस्कारला, म्हणजे मुलगा म्हणून वाढवलेल्या आणि राणीच्या रक्षकदलात अधिकारी झालेल्या स्त्रीला. कथेचा तोल तिच्याकडे झुकला. ही वाचकांची सत्ता लेखात ठळकपणे यायला हवी.

आता खरी अडचण पाहा. राणी १७५५ साली जन्मली. तिचा स्वीडिश प्रियकर हान्स आक्सेल फॉन फेर्सन याच साली जन्मला. ओस्कारचे जन्मवर्षही कथेत १७५५! पात्रपरिचयात ही तीन वाक्ये एकाखाली एक आली की तिन्ही सारखीच खरी वाटतात. त्यातून ओस्कारचा पिता झार्झे या नावाचा सेनाधिकारी इतिहासात खरोखर होता. १७९३ मध्ये कैदेतील राणीला सोडवण्याच्या कटात तो सामील होता. बास्तीच्या लढाईत प्राण देणारी त्याची कन्या मात्र इकेदांची निर्मिती. ‘कथेत’ हा एवढासा शब्द योग्य जागी घातला तरी निम्मी सुधारणा होते. (हा शब्द गाळल्याने किती जणांनी ओस्कारला इतिहासात शोधले असेल!)

लेखात ‘ऐतिहासिक आधार’ असा विभाग हवाच, आणि तो अद्ययावत हवा. राणी आणि फेर्सन यांच्या पत्रव्यवहारात कित्येक ओळी शाईने गिरवून झाकलेल्या आहेत. हे खोडकाम फेर्सनच्या घराण्यातील एका वारसाने, १८७७ साली ती पत्रे छापणाऱ्या क्लिंकोस्ट्रोमने केले असावे, असा तर्क दीर्घकाळ होता. २०२१ मध्ये फ्रेंच संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने शाईच्या रासायनिक घटकांतील फरक टिपला आणि १५ पत्रांपैकी ८ पत्रांतील झाकलेला मजकूर वाचला. त्यात प्रेमाची, जिव्हाळ्याची संबोधने निघाली. आणि खोडणारा हात खुद्द फेर्सनचा ठरला. पत्रे जाळावीत हे त्याच्या मनाने घेतले नाही. शब्द झाकून कागद मात्र जपला. इकेदांनी प्रेमिक म्हणून रंगवलेल्या माणसाविषयी एवढा पुरावा उपलब्ध असताना लेखात केवळ ‘फेर्सन: राणीचा प्रियकर’ असे लिहून थांबणे म्हणजे आळस.

पुढच्या प्रवासाला थोडी जागा पुरे: १९७४ मध्ये ताकाराझुका या केवळ स्त्री-कलाकारांच्या मंडळीने ती रंगमंचावर आणली, १९७९ मध्ये ४० भागांची ॲनिमे मालिका सुरू झाली, त्याच वर्षी जाक दमी यांचा ‘लेडी ऑस्कर’ चित्रपट आला. २००९ मध्ये फ्रान्सने इकेदांना लेजियाँ द’ऑनर दिला.